पेशंट कुठं बसलाय?

प्रश्न: मी अलाबामातल्या हंट्सव्हिलला राहते. आहारतज्ज्ञ म्हणून इथलं लायसन्स आहे. टेनेसीतले चार पेशंट व्हिडिओवर सल्ला मागतात. दोन्ही राज्यं डाएटिशियनांच्या आंतरराज्य करारात आहेत, मग अडचण नाही ना? पुढच्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे कॅलिफोर्नियाला जायचंय, तेव्हाही हेच पेशंट ठेवायचेत.

उत्तर: ऐकलंत ते खरं आहे. अलाबामा, टेनेसी आणि नेब्रास्कानं २०२४ मध्येच हा कायदा केला आणि अमलासाठी लागणारी ७ राज्यंही पुढे जमली. पण राज्य करारात आलं म्हणजे तुम्हाला मुभा मिळाली, असं नाही. नर्सबाईंच्या करारात एकच लायसन्स सगळीकडे चालतं, आपलं तसं नाही. आपल्याला प्रत्येक राज्यात कामाची मुभा वेगळी मागायची आणि तिची फीही वेगळी. ती हातात येत नाही तोवर टेनेसीचं लायसन्स काढा, नाहीतर तिथल्या बोर्डाला लेखी विचारा. आणि मुभा मिळाली तरी टेनेसीच्या पेशंटला नियम टेनेसीचेच.

कारण काम कुठं झालं, हे पेशंट कुठं बसलाय त्यावर ठरतं, तुमचं टेबल कुठं आहे त्यावर नाही. तुमच्याजवळच आर्डमोर नावाची दोन गावं हद्दीला खेटून आहेत, एक अलाबामात, एक टेनेसीत. माझ्या एका मधुमेही बाईंच्या मागची भिंत एकदा वेगळीच दिसली. बहिणीकडे आल्या होत्या, दुसऱ्या राज्यात! मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पुढची तारीख देऊन फोन ठेवला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न साखरेचा नसतो. 'आज कुठून बोलताय?' हा असतो. उत्तर नोंदीत लिहूनही ठेवते.

कॅलिफोर्नियाचं मात्र अवघड आहे. तिथं आहारतज्ज्ञांना लायसन्सच नाही, फक्त 'रजिस्टर्ड डाएटिशियन' हे नाव कायद्यानं राखलेलं आहे. करारातली मुभा मिळते ती राहत्या राज्याच्या लायसन्सवर. घर हललं की अलाबामाचं लायसन्स जिवंत ठेवूनही त्या मुभेला आधार उरत नाही. मग टेनेसीच्या पेशंटसाठी टेनेसीचंच लायसन्स. ते आत्ताच काढलंत तर दोन्ही प्रश्न एकदम मिटतात. मी असते तर तेच केलं असतं.

एक विचारायचं राहिलं. हंट्सव्हिल म्हणजे रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळाचं गाव. नवरा सैन्यात सक्रिय सेवेत आहे का? असेल, तर तो सेवेत आहे तोवर बदली झाली तरी तुम्हाला या करारापुरतं अलाबामा हेच आपलं राहतं राज्य म्हणून कायम ठेवता येतं. लष्कराचं काम करणाऱ्या खासगी कंपनीतली नोकरी यात धरत नाहीत.