सासूबाई वाटेत पाणी का पीत नाहीत?

माई, नमस्कार.

आम्ही गोव्यात डिचोलीला असतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी म्हापशाला राहतात. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलंय. भावोजींच्या मित्राची सात सीटची गाडी मिळणार आहे. माणसं आठ, पण मुलगा लहान आहे, मांडीवर बसेल म्हणतात. घाट लागला की त्याला उलट्या होतात, ती मांडी अर्थात माझी.

ह्यांचा बेत असा: शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, उजाडता उजाडता खोपोलीला पोचायचं, तोंड धुऊन पार्कात शिरायचं, शनिवारी रात्री परत फिरायचं. लॉजचे पैसे वाचतात. मी काही बोलायला गेले की म्हणतात, ‘मी खाणीवर टिपर चालवलाय, मला गाडी शिकवू नको.’

सासूबाई म्हणतात, ‘मला कशाला नेता? मी येऊन काय करू?’ एरवी त्या घरात बसणाऱ्यातल्या नाहीत. शिगमो असो, जत्रा असो, सगळ्यांच्या पुढे. पण लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की मागे सरतात. गेल्या वर्षी कोल्हापूरला लग्नाला गेलो तर वाटेत पाण्याचा घोट घेतला नाही, चहा नको म्हणाल्या आणि रात्री पायांत गोळे आले म्हणून रडल्या. रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे म्हणतात, नको म्हणते तर राहू दे घरी. मुलगी म्हणते, आजी नाही तर मी नाही. आणि वाड्यावरचे म्हणतील, म्हातारीला टाकून सून मजा करायला गेली. जाऊबाई ‘तू ठरवशील ते’ म्हणून मोकळ्या. खर्चाचं कोणी बोलत नाही. आता मी सासूबाईंना आग्रह करू की नको?

— डिचोलीची एक सून

बाय,

पार्क, लॉज, वाड्यावरचे लोक सगळं घटकाभर बाजूला ठेव आणि कोल्हापूरच्या लग्नाबद्दल तूच लिहिलेलं परत वाच. बाई दिवसभर पाणी पीत नाही, चहा नाकारते आणि रात्री पायांत गोळे येतात. तिला तहान लागत नव्हती असं वाटतं का तुला? तिला वाटेत जायला जागा नव्हती. गाडीत मुलगे, सुना, नातवंडं. ‘थांबव रे गाडी’ म्हणायची लाज. गाडी थांबलीच तर पंपामागची ती खोली, ओली फरशी, कडी नसलेलं दार आणि गुडघे वाकत नसताना खाली बसायचं. त्यापेक्षा पाणीच नको. आपल्याकडच्या कितीतरी बायका असाच प्रवास करतात आणि घरच्या पुरुषांना वाटतं, आईला प्रवासात काही लागत नाही, किती सोशिक!

रक्तदाबावरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. डॉक्टर तिला साधेपणाने पाण्याची गोळी म्हणतात. सासूबाईंची तशी आहे का, विचारून घे. असली तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यायची, हेही डॉक्टरांनाच विचार. आपल्या मनाने गोळी चुकवायची नाही आणि त्यांनाही चुकवू द्यायची नाही, कारण हा उपाय त्यांना आधीच सुचलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

तर आग्रह नको, विचारणा कर. मुलग्यांसमोर नाही, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. दुपारी दोघीच असाल तेव्हा. ‘येणार की नाही’ असं विचारलंस तर ‘नाही’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी सांग, ‘आई, मला पण वाटेत अवघड होतं. या वेळी जिथे स्वच्छ सोय आहे असंच जाऊया, आधी मी आत बघून येईन, मग तुम्ही जा.’ एवढं झाल्यावरही त्या नको म्हणाल्या तर ते नको खरं धर. चार दिवस नणंदेकडे किंवा त्यांच्या बहिणीकडे सोय लाव आणि वाड्यावरच्यांना काय बोलायचं ते बोलू दे.

पण मला वाटतं त्या येतील, रेल्वेने नेलंस तर. थिवीला गाडीत बसा, पनवेलला उतरा. डब्यात शौचालय असतं, त्यातलं एक बहुधा कमोडचं. पाय मोकळे करायला जागा असते आणि कोणाला गाडी थांबव म्हणायला लागत नाही. मांडवी एक्सप्रेस दिवसाची आहे, कोकणकन्या रात्रीची. मी मांडवीच घेईन. खिडकीतून रत्नागिरी, चिपळूण बघत जाता येतं आणि डब्यात खाणंपिणं सतत येत असतं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे, वय नीट भर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मेमध्ये कोकणातल्या गाड्यांची तिकिटं बघता बघता संपतात. जातानाची आणि येतानाची दोन्ही पहिल्याच दिवशी काढ.

आता रेल्वेने कोण? सासूबाई, तू आणि तुझी मुलगी. ‘आजी नाही तर मी नाही’ म्हणणारी नात हाताशी असू दे, सामान तीच उचलेल. गाडीत राहिले दोघे भाऊ, जाऊबाई आणि दोन मुलं. सात सीटच्या गाडीत आठ माणसांचा प्रश्न तिथेच मिटला. तो मिटायलाच हवा होता. मांडीवरचं मूल ब्रेक लागला की कोणाच्या हातात राहत नाही, त्याला स्वतःची जागा आणि पट्टा हवाच. आणि हो, तुझ्या मुलाच्या उलट्या. त्या या वेळी त्याचा बाप आणि काकी सांभाळतील. जाऊबाईंना ‘तू ठरवशील ते’ म्हणायचं होतं ना? ठरलं. मुलाला मधल्या सीटवर बसवा, मागच्या सीटवर हिसके जास्त बसतात. घाटात मोबाइल बघू द्यायचा नाही, निघताना पोट तुडुंब भरायचं नाही, पिशव्या हाताशी. उलटीचं औषध डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा.

आता यजमानांचा टिपर. खाणींवर टिपर चालवणं सोपं नव्हतं हे मला मान्य आहे. पण २०१२ साली खाणी बंद पडल्या तोवर त्या खेपा खाणीपासून सारमानसच्या जेटीपर्यंतच्या होत्या, पायाखालच्या रस्त्याने, आणि रात्री माणूस घरी येऊन जेवून झोपत होता. डिचोली ते खोपोली पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दिवसभर काम करून, पोटभर जेवून रात्रभर हे अंतर कापायचं, रात्री दोन ते पहाटे पाच ही डोळा लागायची वेळ ऐन घाटरस्त्यावर गाठायची, मग मेच्या उन्हात दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि त्याच रात्री परत स्टिअरिंग धरायचं. दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट. लॉजचे वाचलेले पैसे कशाच्या बदल्यात वाचतात, हे त्यांना विचार. शिकवायला जाऊ नकोस, फक्त एवढंच विचार. आणि भावोजींनाही गाडी येत असेल तर दोघांनी आलटून पालटून चालवायची हे आधीच ठरव.

गाडीवाल्यांनी दोन दिवस घ्यावेत. डिचोलीहून साखळी, केरी, चोर्ला घाट, बेळगाव आणि मुक्काम कोल्हापूर. दुपारी जेवून निघालं तरी संध्याकाळपर्यंत आरामात पोचता येतं. निघताना टाकी साखळीलाच भरून घ्या, पुढे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात पेट्रोल महाग. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, सातारा, पुणे आणि मग द्रुतगती मार्ग. कागल ते सातारा रुंदीकरणाच्या कामांमुळे मध्ये मध्ये गाडी बाजूच्या रस्त्यावर उतरवावी लागते, त्याचा वेळ धरून चला. द्रुतगती मार्गावर मोटारीला वेगमर्यादा १०० आणि घाटात ६०. तिथे कॅमेरे आहेत, टिपर चालवल्याची सबब त्यांना सांगता येत नाही. आणि भावोजी पुण्याच्या मित्रांसाठी फेणीच्या बाटल्या घ्यायच्या विचारात असतील (गोव्याहून निघणारे बहुतेक भावोजी असतात), तर आत्ताच बजाव. परवान्याशिवाय गोव्याची दारू हद्दीबाहेर नेता येत नाही, आणि चोर्ल्याहून पुढे कणकुंबीला अबकारीचा नाका आहे. लहान मुलं गाडीत घेऊन तिथे बाजूला उभं राहण्यात शोभा नाही.

बांद्याहून ६६ क्रमांकाच्या महामार्गानेही जाता येतं, पुढे वाकण फाट्यावरून पालीमार्गे वळलं की पार्क त्याच रस्त्यावर. चुकीचा मार्ग आहे असं मी म्हणत नाही. पण मेमध्ये मुंबईकर चाकरमान्यांची ये-जा असते, माणगावात गाड्या तुंबतात, आणि रात्रीच्या मुक्कामाला कोल्हापूर मला बरं वाटतं.

तारखेचं बघ. शनिवार-रविवारी मुंबई आणि पुणे दोन्हीकडची माणसं तिथे लोटतात. मंगळवार-बुधवार धर. भावोजींना दोन दिवस रजा जास्त लागेल, लागू दे. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, कधी एप्रिलअखेर येते, कधी मेमध्ये. तुम्ही डिचोलीचे, घरात कोणी धोंड, म्हणजे देवीचं व्रत पाळणारा भक्त, असेल तर हे मी सांगायला नको, पण तिकिटाच्या गडबडीत पंचांग बघायचं राहून जातं. आणि मेचे शेवटचे दिवसही नकोत. खोपोलीकडे वळवाचा पाऊस गडगडत येतो आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे खेळ बंद ठेवतात.

पार्काचं थोडक्यात. इमॅजिकाचा थीम पार्क आणि वॉटर पार्क वेगवेगळे आहेत, तिकिटंही वेगळी. दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी भरपूर खाऊन शिरा. खेळात बसायला मुलाचं वय विचारत नाहीत, उंची मोजतात. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला तुझा सात वर्षांचा मुलगा बहुधा बसणार नाही. हे त्याला फाटकाशी कळलं तर तिथेच भोकाड पसरेल आणि मोठ्या दोघींचा दिवस त्यात जाईल. आताच भिंतीशी उभं करून उंची मोज, कशात बसता येईल ते पार्कच्या संकेतस्थळावर बघून त्याची त्यालाच यादी करू दे. दुपारी बारा ते तीन आतले थंडगार खेळ, उघड्यावरचे सकाळी आणि संध्याकाळी.

सासूबाईंना पार्कात न्यायचंच नाही. त्यांना रांगेच्या कडेला पिशव्या राखत बसवणार असाल तर त्या डिचोलीलाच बऱ्या. त्या दिवशी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन, एक खोपोलीच्या अगदी जवळ, दुसरा पार्कावरून जाणाऱ्याच रस्त्याने पुढे. दोन्ही अर्ध्या दिवसात निवांत होतात. तुम्हाला पार्काशी सोडून गाडी पुढे न्यायची आणि सोबत त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे भावोजींनी जायचं. सून नको, जाऊबाई नकोत. लग्नानंतर म्हापशाला गेलेला मुलगा आईबरोबर एकटा असा किती वेळा बसला असेल? आणि लॉज घेताना खोलीत कमोड आहे ना आणि खोली तळमजल्यावर मिळेल ना, हे फोनवर विचारून मगच पैसे भर. लोणावळ्यापेक्षा खोपोली बरी, घाट परत चढायला नको.

खर्चाचं. तू जाऊबाईंकडे हा विषय काढू नकोस, त्या ‘बघू गं’ म्हणतील आणि तुझंच तोंड कडू होईल. तुझ्या यजमानांनी भावाला फोन करावा आणि आकडा सांगावा. गाडीचं पेट्रोल, टोल, लॉज हे दोन घरांत निम्मं. पार्काची तिकिटं ज्याची त्याने. सासूबाईंची रेल्वे, औषधं, देवदर्शन दोघा भावांत निम्मं. पैसे आधी एका खात्यात जमा व्हावेत आणि मग रेल्वेचं आरक्षण व्हावं, या क्रमाने. भावोजींनी रजेचं कारण काढून चालढकल केली, तर तुम्ही पाच जण थिवीहून रेल्वेनेच जा आणि पनवेलहून टॅक्सी करा, पाऊण-एक तासाचा रस्ता आहे. तेवढं यजमानांना आधीच सांगून ठेव, म्हणजे फोन लवकर होईल.

— माई