गोव्यात नवीन आहात, मासे खाता आणि मनात टोचणी आहे? मग एवढं बघा

मासे सोडायची गरज नाही. आधी मोरी, म्हणजे शार्क (मुशी), सोडा. तिचं आंबटतीक (आंबट-तिखट गोवन कालवण) चवदार लागतं, मान्य, पण शार्क वयात यायला बरीच वर्षं घेतो आणि पिल्लं मोजकीच देतो. धरला की भरपाई सहजी होत नाही. काही जातींना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि कापलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं आपल्याला जमत नाही. आंबटतीक दुसऱ्या माशाचंही होतं.

बाजारात:
- बांगडा, तारले (तारली) भरभर वाढतात. रोजच्या हुमणाला (माशाच्या आमटीला) तेच घ्या.
- इसवण (सुरमई) मोठी असेल तरच. पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, ती एकदाही व्यालेली नसतात.
- पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली कुर्ली (खेकडा) परत ठेवा.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते. तेव्हा सुकं खारं, तिसऱ्या, खाडीतले मासे खा.

नवखे दोन चुका हमखास करतात: हॉटेलातल्या 'फिश फिले'ला कुठला मासा ते विचारत नाहीत, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या जातींची यादी पाठ करायला बसतात. यादी राहू दे. मासेवालीला विचारा, 'बाय, हें खंयचें नुस्तें?' (बाई, हा कुठला मासा?)