मित्राला घडीचा चाकू द्यायचाय, कुठला घेऊ?

प्रश्न: मित्र दर पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला जातो, वाढदिवसाला चांगला घडीचा चाकू द्यायचाय. दुकानात बटणं, स्प्रिंगा, काळी पाती बघून गोंधळलोय.

उत्तर: ते दिखाऊ सगळं सोडा हो. त्याला तिथे कांदा-काकडी कापायचीय, दोरी कापायचीय, मग मला तरी फ्रान्सचा ओपिनेल नंबर 8 सगळ्यात आवडतो, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, लाकडी मूठ, आणि मानेपाशी फिरणारी स्टीलची रिंग, 1955 पासून आहे ती, ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. हे लॉक सगळ्यात महत्त्वाचं, कुठलाही चाकू घ्या पण उघडून, लॉक करून पात्याच्या पाठीवर जपून दाब देऊन बघा, मिटायला लागला की तिथेच परत ठेवा!

कार्बन स्टीलला धार झकास लागते पण कैरी-लिंबू कापलं की काळं पडतं आणि आपल्या पावसात गंजतंच, म्हणून पात्यावर 'इनॉक्स' लिहिलेलं स्टेनलेसच घ्या. लाकूड भिजलं की फुगतं आणि चाकू उघडायला जड जातो, वापरून झाला की पुसून वाळवायला सांगा त्याला.

पकड, स्क्रू-ड्रायव्हर वगैरे हवं असेल तर स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे चाकू बघा. विमानाने नेणार असाल तर चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये नाही चालत.

आणि युरोपात चाकू भेट मिळाला की मैत्री तुटू नये म्हणून घेणारा एक नाणं परत देतो, तुम्हीही रुपया मागून घ्या, मस्त वाटतं.