अमेरिकेचं जुनं अ‍ॅटलस रॉकेट आतला दाब गेला तर उभ्या उभ्या कोसळायचं, हे खरंय का?

हो, खरंय, आणि तसं घडलेलंही आहे. मे 1963 मध्ये कॅलिफोर्नियात व्हँडेनबर्गला अ‍ॅटलस-अजिनाच्या (अ‍ॅटलस आणि त्यावर अजिना हा वरचा टप्पा) टाकीतला दाब गेला आणि अख्खं रॉकेट पॅडवरच चुरगळून खाली बसलं, त्याची फिल्म आजही बघायला मिळते. कारण असं की अ‍ॅटलस बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीच्या कारेल बोसार्ट या इंजिनिअरने वजन वाचवायला आतला सांगाडाच काढून टाकला होता, टाकीचा पत्रा हीच रॉकेटची बॉडी, स्टेनलेस स्टीलचा, जाडी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, त्यामुळे फुगवलेल्या फुग्यासारखं ते फक्त दाबावर ताठ राहायचं आणि रिकामं असतानाही आत नायट्रोजन भरून ठेवावा लागायचा. डोकेदुखीच म्हणा, पण याच हलकेपणावर 1962 मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीच्या कक्षेत गेला आणि मरीनर 2 हे यान शुक्राकडे गेलं!

फक्त हे त्या काळच्या सगळ्या रॉकेटना लावू नका, अमेरिकेच्याच टायटन रॉकेटची टाकी दाबाशिवायही उभी राहायची. पुढच्या काळातल्या अ‍ॅटलस 5 मध्येही पहिल्या टप्प्याला कडक अ‍ॅल्युमिनियमची टाकी आली, वरच्या सेंटॉर टप्प्याला मात्र फुग्याची पद्धत तशीच राहिली.