डोळे राहिलेत

बाये,

परवा तू आपल्या गणपतीच्या चित्रशाळेतून उठून गेलीस तेव्हा पाटावरच्या गणपतीची सोंड, कान, शेला सगळं रंगवून झालं होतं. डोळे तेवढे राहिले होते. जाताना म्हणालीस, "मास्तर, मी देव मानत नाही. मग डोळ्यांची आखणी मी करणं ही लबाडी नव्हे?" मी गप्प बसलो. म्हातारा रागावला असं तुला वाटलं असेल. रागावलो होतोच, पण तुझ्यावर नाही.

पंचविशीत मीही हेच म्हणायचो, तुझ्यापेक्षा चढ्या आवाजात. चार पुस्तकं वाचली आणि बापाला सांगितलं, मूर्तीला हात लावणार नाही. अकरा चवथी लावला नाही. बापाचा हात तोवर कापायला लागला होता. एका वर्षी त्याने आखलेला उजवा डोळा तिरका गेला, काळी रेघ पांढऱ्यावरून खाली घसरली. ज्या घरची ती मूर्ती होती ते आले, क्षणभर बघत राहिले, काही बोलले नाहीत. विडा-दक्षिणा ठेवली आणि मूर्ती उचलली. मी दारात उभा होतो. माझं तत्त्व ठणठणीत होतं. डोळा तिरका होता.

म्हणून सांगतो, हात थांबवू नको. देव आहे की नाही याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. प्राणप्रतिष्ठा चवथीला त्या घरात होते, तोवर आपल्याकडे असते ती चिकणमाती. बाप म्हणायचा, तिच्यात देव आणणं आपलं काम नव्हे; तो आलाच तर त्याची गैरसोय होऊ नये एवढं आपण बघायचं. तेव्हा मला हा चावटपणा वाटला होता.

तुझा काका माटोळीच्या, गणपतीवर फळं टांगतो त्या चौकटीच्या, कवंडळासाठी रान तुडवतो; एका रानफळासाठी. म्हापशाच्या बाजारात मिळतं, तरी जातो. बांधून झालं की शिडीवरून उतरून लांबून बघतो, परत चढतो, कवंडळ आंबाड्यांच्या बाजूला चार बोटं सरकवतो. रानात जाणं भक्ती म्हण. ती चार बोटं कुठल्या पोथीत आहेत? दीड दिवसाने सगळं उतरवायचंय हे त्याला माहीत असतं, तरी सरकवतो. तीच खाज तुझ्यात आहे. नाव काय द्यायचं ते तू बघ, पण हात थांबवू नको.

रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रं तू पाहिली आहेस. पाणी ओतलं की ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ कसं उठून येतं! कोरणाऱ्याचा देव कोणता, हे विचारायला कोणी उरलं नाही. रेघ उरली.

आणि श्रद्धा असली की वाट सोपी होते, हे खूळही डोक्यातून काढ. चित्रकार आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांत इस्तेव्हचा. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. त्याने चित्रात मारियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली, तर त्याच्याच धर्माची माणसं खवळली. गोवा सोडून तो पुण्याच्या आश्रमात राहिला. १९६७ साली गेला. शेवटपर्यंत साडीतलीच मारिया काढत होता. श्रद्धेने त्याला घर मिळवून दिलं नाही, उलट सोडायला लावलं. हात मात्र चालू ठेवला त्याने.

माझी अकरा वर्षं फुकट गेली असंही मी म्हणणार नाही. ढोंग मला जमलं नसतं. बापही हट्टी. एकदा जरी "ये" म्हणाला असता तर गेलो असतो... बघ, तुला लिहायला बसलो आणि स्वतःचीच वकिली करतोय.

मूर्तीवर ओलं नाही, कोरडं फडकं टाकलंय. बारीक ब्रश धुवून ठेवलाय. सकाळी ये, पूर्वेच्या खिडकीतला उजेड दहापर्यंतच टिकतो. उजव्या डोळ्यापासून सुरू कर.

तुझा,
मास्तर