वही दुसऱ्याला दे

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घ्यायचंय आणि घरात 'मुलींना कॉम्प्युटरच बरं' असं चाललंय. कॉम्प्युटर आवडत असेल तर खुशाल घे. पण सावलीतलं काम एवढ्याच कारणासाठी नको.

आधी पैशाचं, कारण घरातली खरी अडचण बहुधा तीच असते आणि बोलून कुणी दाखवत नाही. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्राची परिषद) 'प्रगती' शिष्यवृत्ती खास मुलींसाठी आहे, डिप्लोमालाही मिळते : वर्षाला ५०,००० रुपये, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव.

आता मुद्द्याचं. वर्कशॉपला बॅच पडली की काय होतं, ते मी वर्षानुवर्षं बघत आलेय. लेथपाशी, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून कापायच्या यंत्रापाशी, मुलगे उभे राहतात आणि 'तुझं अक्षर छान आहे' म्हणत जर्नल मुलीच्या हातात येतं. ती निमूटपणे रीडिंग लिहिते, आकृत्या काढते, मार्कही चांगले मिळवते. पण टूल, म्हणजे कापणारं हत्यार, फिरणाऱ्या तुकड्याच्या मध्याच्या उंचीला कसं लावायचं ते तिला येत नाही. तू वही दुसऱ्याला दे. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) स्वतः आवळ. चकची चावी काढल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, वेणी टोपीत, ओढणी घरी. पहिला कट खडबडीत येईल. येऊ दे.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या प्रोबेशनवर घेतलं. अट अपमानाचीच होती, मला आजही राग येतो. पण बाईंनी काम असं केलं की रामन यांनाच मत बदलावं लागलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, वडिलांना घेऊन नारायणगावजवळ खोडदला जा. तिथली रेडिओ दुर्बीण त्या सुमारास लोकांना बघता येते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या! रेडिओ लहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असतात, म्हणून त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो आणि सांगाडा हलका ठेवता येतो. एवढी अवजड तबकडी फिरवतात कशी, हे तिथल्या इंजिनिअरांना तूच विचार. वडिलांना विचारू देऊ नकोस.

फॉर्म भरताना अडलीस तर फोन कर. दुपारी नको, मी झोपते.

तुझी,
मॅडम