राजम्याचा जनुकसंच वाचून झाला, मग दुष्काळ सोसणारा वाण का मिळत नाही?

आपण विचारले आहे की राजमा-घेवड्याचा संपूर्ण जनुकसंच शास्त्रज्ञांनी केव्हाच वाचून काढला असेल, तर दुष्काळ आणि उष्णता सोसण्याचे जनुक शोधून ते आपल्या वाणात का घालता येत नाही, आणि कोरेगाव (जि. सातारा) भागातील आपल्या घरच्या वाघ्या घेवड्याला या साऱ्या संशोधनाचा काही उपयोग आहे का. मी वनस्पतिक्रियाशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी दोन रब्बी हंगाम राजम्याच्या कुंड्यांमागे घालवले आहेत. त्या अनुभवाच्या आधारावर लिहितो. उत्तर थोडे लांबेल.

आधी नावाचा घोळ दूर करू. श्रावण घेवडा, फरसबी, राजमा आणि आपला वाघ्या घेवडा ही सगळी एकाच प्रजातीची रूपे आहेत; तिचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. काही ठिकाणी वाल-पावट्यालाही घेवडाच म्हणतात, पण ती निराळी प्रजाती आहे. मूग आणि उडीद पूर्वी फॅसिओलस याच वंशात धरले जात, आता ते विग्ना वंशात गेले आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकात 'फॅसिओलस'विषयी काही वाचले, तर ते नेमके कोणत्या पिकाबद्दल आहे हे पाहून घ्यावे.

जनुकसंच वाचला गेला हे खरे आहे. अँडीज पर्वतरांगेतील जी १९८३३ या पारंपरिक वाणाचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि मध्य अमेरिकी गटातील बीएटी ९३ या वाणाचा २०१६ साली. गुणसूत्रांच्या ११ जोड्या, डीएनएच्या सुमारे ५८ कोटी ७० लाख अक्षरांचा मजकूर आणि त्यात सुमारे २७ हजार जनुके, असा हा पसारा आहे. परंतु मतदार यादी हाती आली म्हणून गावाचा स्वभाव कळत नाही, तसेच येथेही आहे. शिवाय 'दुष्काळ सोसणे' या एका शब्दात आपण झाडाचे दोन अगदी वेगळे, बऱ्याचदा परस्परविरोधी गुण कोंबतो. दुष्काळात झाड जगणे ही एक गोष्ट आणि दुष्काळात दाणा भरणे ही दुसरी. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या फरकातच आहे.

हा फरक मला पुस्तकात नव्हे, कुंड्यांपाशी कळला. फुलोरा सुरू होताच आम्ही निम्म्या कुंड्यांचे पाणी तोडत असू आणि रोज संध्याकाळी प्रत्येक कुंडीचे वजन करून ओलावा किती घटला ते नोंदवत असू. पाणी तोडल्यावर काही दिवसांनी भर दुपारी एक विलक्षण दृश्य दिसे. एरवी सूर्याकडे तोंड करून पसरलेली पाने कड वर करून उभी राहत, म्हणजे उन्हाचा मारा पानाच्या पाठीपोटावर न पडता केवळ काठावर पडे. पानाच्या देठाच्या सांध्याशी एक फुगीर गाठ असते. तिच्यातील पेशींत पाणी भरले-ओसरले की पान वळते. चार वाजले की पाने पुन्हा आडवी. त्याच वेळी पानांवरची रंध्रे मिटत असतात आणि त्यांना तो हुकूम देणारे संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक आम्ल. हे आम्ल तयार होण्यातील कळीची पायरी कोणते जनुक सांभाळते, याचा पुरावा घेवड्याच्याच सुकवलेल्या पानांतून मिळाला होता. झीवार्ट आणि चिन यांचे ते काम १९९९ साली प्रसिद्ध झाले.

मला तेव्हा वाटले होते की जे झाड पाने लवकर उभी करते, रंध्रे लवकर मिटते आणि हिरवे राहते, तेच आपले झाड. काढणीला मात्र हिशेब उलटा निघाला. सर्वांत हिरव्या राहिलेल्या झाडांच्या शेंगा सोलल्यावर टरफल जाड, आतले दाणे सुरकुतलेले, काही जागा तर नुसत्या रिकाम्या. ज्या झाडांची पाने लवकर पिवळी पडून गळाली होती आणि ज्यांना मी वहीत 'कमकुवत' असा शेरा दिला होता, त्यांच्यातील काहींच्या शेंगांत दाणे टणक भरलेले होते. रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही, म्हणजे अन्न बनणे थांबते. अशा वेळी दाणा भरायचा तर पाने, खोड आणि टरफल यांत साठवलेले अन्न उपसून दाण्याकडे पाठवावे लागते. हिरवे राहिलेले झाड आपली शिल्लक धरून बसले होते आणि पिवळ्या पडलेल्या झाडाने ती दाण्यात ओतली होती.

कोलंबियातील पालमिरा येथे 'सीआयएटी' नावाची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. जगातील घेवड्याच्या बियाण्यांचा सर्वांत मोठा संग्रह तेथे आहे, सुमारे ३७ हजार नमुन्यांचा. स्टीफन बीब आणि इदुपुलपती राव यांच्या चमूने तेथे अनेक वर्षे जे काम केले, त्याचा गाभा हाच आहे. ते शेंगेच्या एकूण कोरड्या वजनात दाण्याचा वाटा किती, हे मोजतात. चांगल्या पाण्यावर हा वाटा साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो. दुष्काळात तो ज्या वाणात फारसा घसरत नाही, तो वाण निवडायचा. या मोजमापाला लागतो काय, तर तराजू आणि कागदी पिशव्या. त्यांना पुढे असे आढळले की दुष्काळात निवडलेल्या ओळी (म्हणजे निवडलेल्या एकेका झाडापासून वेगळी वाढवलेली वंशावळ) चांगल्या पाण्यावर आणि स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही अधिक उत्पन्न देतात. बीब यांचे म्हणणे असे की रानटी घेवडा हा झाडाझुडपांवर चढणारा वेल असल्याने दाणा भरण्याची घाई न करता वाढत राहणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे, आणि आपण लागवडीखाली आणलेल्या वाणांतही तो आळस पुरता गेलेला नाही. मला हे स्पष्टीकरण पटते.

आता जनुकांकडे येतो. दाण्याकडे अन्न वळवणे, मुळे खोल जाणे, फुलोरा लवकर येणे, रंध्रे वेळेवर मिटणे, या प्रत्येकामागे अनेक जनुके आहेत आणि प्रत्येकाचा वाटा लहान आहे. असे अनेक जनुकांवर विसंबलेले गुण गुणसूत्रावर कोठे आहेत हे शोधण्याची युक्तीसुद्धा घेवड्यावरच सुचली, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९२३ साली कार्ल सॅक्स यांनी रंगीत आणि पांढऱ्या दाण्यांच्या घेवड्यांचा संकर केला आणि दुसऱ्या पिढीतील दाणे तोलले. रंगाचे जनुक दोन्हीकडून मिळालेल्या झाडांचा दाणा सरासरी ३०.७ सेंटिग्रॅम, एकीकडून मिळालेल्यांचा २८.३ आणि मुळीच न मिळालेल्यांचा २६.४ भरला. रंगाने वजन वाढत नसते. पण रंगाच्या जनुकाशेजारी वजनाचे काहीतरी बसलेले आहे, हे त्यातून कळले. आजही तेच करतात, फक्त रंगाऐवजी हजारो डीएनए-खुणा वापरतात. दुष्काळाच्या बाबतीत अडचण अशी येते की एका संकरात, एका ठिकाणी, एका वर्षी सापडलेली खूण दुसऱ्या संकरात किंवा दुसऱ्या जमिनीत हात देतेच असे नाही. पाऊस पेरणीनंतर गेला, फुलोऱ्यात गेला की शेंगा भरताना गेला, यावर कोणते जनुक कामी येईल ते ठरते. रवांडाच्या जेरार्डिन मुकेशिमाना यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात घेवड्याच्या दुष्काळसहनशीलतेवरच पीएच.डी. केली आणि २०१४ साली त्या आपल्या देशाच्या कृषिमंत्री झाल्या. घेवडा हे ज्या देशाचे रोजचे जेवण आहे, तेथे या विषयाला किती वजन आहे हे यावरून लक्षात यावे.

उष्णतेचे गणित वेगळे आहे आणि माझ्या मते अधिक कठीण. घेवड्याला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीची उष्णता अधिक बाधते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होऊ लागतात. त्यातही सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्याच्या दिवशीचा नसून त्याआधी ९ ते १२ दिवसांचा, म्हणजे कळीत परागकण घडत असतानाचा असतो. आज फुलगळ दिसली म्हणून शेतकरी काल-परवाच्या हवामानाला दोष देतो, पण घाव दीड आठवड्यापूर्वी बसलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली रंग देऊन पाहिले की निरोगी परागकण गोल आणि गडद दिसतात, तर निकामी झालेले फिकट, चुरगळलेले.

यावर उपाय म्हणून संशोधक टेपारी घेवड्याकडे वळले. ही फॅसिओलस ॲक्युटिफोलियस नावाची बहीण-प्रजाती मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटाच्या परिसरात शतकानुशतके पिकवली जाते आणि तेथील उन्हाळा सोसते. दोघांचा संकर केला तर गर्भ शेंगेतच मरतो, म्हणून तो वेळेवर काढून काचपात्रात वाढवावा लागतो, आणि नंतरही वंध्यत्व टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून दोन्ही बाजूंशी संकर करावा लागतो. अशा वाटेने आलेल्या वंशावळींसह उष्णता सोसणाऱ्या सुमारे ३० ओळी २०१५ साली सीआयएटीने जाहीर केल्या. टेपारीचा जनुकसंचही २०२१ साली प्रसिद्ध झाला आहे.

दूरच्या बहिणीचे सोडा, घरातल्या घरातही लग्ने जुळत नाहीत. घेवडा मेक्सिकोत आणि अँडीजमध्ये असा दोनदा, स्वतंत्रपणे लागवडीखाली आला आणि हे दोन गट त्याआधीच लाखाहून अधिक वर्षे एकमेकांपासून दूर वाढलेले होते. दोघांतील काही वाणांचा संकर केला की रोप खुरटते आणि पिवळे पडते, कधी मरतेही. याला डीएल १ आणि डीएल २ अशी दोन जनुके कारणीभूत आहेत. एक झाडाच्या मुळांमध्ये काम करते, दुसरे शेंड्यात, आणि दोन्ही एका झाडात आली की बिघडते. म्हणजे मध्य अमेरिकी गटातील दुष्काळसहनशीलता अँडीजच्या मोठ्या दाण्याच्या राजम्यात आणणे हे कागदावर दिसते तितके सोपे नाही.

बाहेरून जनुक घालण्याविषयीही आपण विचारले आहे. ब्राझीलने २०११ साली एम्ब्रापा या सरकारी संस्थेच्या विषाणूप्रतिबंधक जनुकांतरित घेवड्याला मान्यता दिली, परंतु तेथे शत्रू एकच होता आणि त्याला रोखायला एक जनुक-तुकडा पुरेसा होता. दुष्काळाचे तसे नाही, आणि घेवडा हे पीक प्रयोगशाळेत परके जनुक सहजासहजी स्वीकारतही नाही.

नत्राचा मुद्दा येथे ओघाने सांगून टाकतो, कारण तो आपल्याकडे रोज नडतो. द्विदल पीक म्हणून राजमा स्वतःचे नत्र स्वतः मिळवील, अशी अपेक्षा असते. आपल्या जमिनीत त्याच्या मुळांवर हवेतील नत्र बांधणाऱ्या गाठी फारशा धरत नाहीत, म्हणून हरभऱ्याला हेक्टरी २०-२५ किलो नत्र पुरते तेथे राजम्याला १००-१२० किलोंची शिफारस करावी लागते. ज्या थोड्या गाठी असतात, त्याही ओलावा कमी होताच काम थांबवतात. उपाशी झाडाला दुष्काळ दुप्पट लागतो.

आता आपल्या वाघ्या घेवड्याविषयी. भौगोलिक मानांकन मिळालेला, वाघाच्या अंगासारखे पट्टे मिरवणारा हा वाण खरिपात येतो, त्यामुळे आपल्याकडे रात्रीच्या उष्णतेपेक्षा फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पडणारा पावसाचा खंड हीच खरी अडचण असणार. आपण घरचे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या राखले असेल, तर ते एकसारखे दिसले तरी बहुधा अनेक शुद्ध ओळींचे मिश्रण आहे, कारण घेवडा मुख्यतः स्वपरागित आहे. डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी १९०३ साली 'प्रिन्सेस' नावाच्या घेवड्यावरच दाखवून दिले होते की मिश्रणातून जड दाण्याची ओळ वेगळी काढता येते, मात्र एकदा ओळ शुद्ध झाली की तिच्यातले जड दाणे निवडून पेरल्याने पुढच्या पिढीत काहीच फरक पडत नाही. पुढे १९०९ साली 'जीन' हा शब्दही त्यांनीच दिला.

म्हणून ज्या वर्षी पावसाचा खंड पडेल, ते वर्ष वाया गेले असे न मानता त्याच वर्षी निवड करावी. खत आणि ओल सारखी असलेल्या पट्ट्यातून ४०-५० झाडे घ्यावीत. बांधाकडेची किंवा पाटाजवळची नकोत. हिरवेपणा पाहू नये. प्रत्येक झाडाच्या सगळ्या शेंगा वेगळ्या पिशवीत वाळवून आधी शेंगांचे आणि मग सोललेल्या दाण्यांचे वजन करावे, आणि दोन्ही आकडे पिशवीवर लिहावेत. ज्या पिशव्यांत एकूण दाणाही चांगला आहे आणि टरफलाचा वाटाही कमी आहे, अशा १०-१२ पिशव्या पुढच्या खरिपात एकेका वेगळ्या रांगेत टोकाव्यात. एका झाडाचे वजन जागेच्या गुणानेही वाढलेले असू शकते, त्यामुळे खरा निकाल या ओळींवरूनच लागेल. त्यांतील तीन-चार चांगल्या ओळींचे बियाणे एकत्र करून ठेवावे, एकच ओळ ठेवू नये, कारण पुढच्या वर्षी खंड नेमका केव्हा पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. आणि पट्टे फिके पडलेली ओळ कितीही भरघोस असली तरी वेगळी ठेवावी. बाजारात वाघ्याची ओळख पट्ट्यांवरूनच पटते.